शहराच्या वेशीवरची फळबाग: नवी लागवड करावी की थांबावे?

शहराची हद्द बांधाला येऊन भिडली आहे, आजूबाजूच्या काही बागा विकल्या गेल्या आहेत आणि आपली झाडे उतरणीला लागली आहेत. अशा वेळी नवी लागवड करावी की आहे त्या झाडांवर उरलेली वर्षे काढावीत, आणि वाढत्या शहरापासून फळबागा वाचवण्याचा एखादा उपाय जगात कुठे खरोखर लागू पडला आहे का, असा हा दुहेरी प्रश्न आहे. फळबागांचे नियोजन आणि शहरालगतच्या शेतजमिनींचा वापर या दोन्ही विषयांत माझे काम चालत आले असल्याने दोन्हींचे उत्तर एकत्रच देतो. ती वेगळी करता येण्यासारखी नाहीत.

खरेदीखत होते त्या दिवशी बाग जाते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मेलेल्या झाडाच्या जागी नवे रोप लावणे मालक ज्या वर्षी थांबवतो, त्याच वर्षी ती गेलेली असते. पुढची दहा-पंधरा वर्षे केवळ उत्पन्न ओसरत राहते. धान्य किंवा भाजीपाला घेणारा शेतकरी एका हंगामापुरता विचार करून पेरणी करू शकतो. फळझाडाला मात्र प्रकारानुसार आणि खुंटानुसार (ज्या मुळावर कलम बांधतात त्यानुसार) फळावर यायला तीन ते आठ वर्षे लागतात, लागवडीचा खर्च भरून निघायला आणखी काही वर्षे जातात आणि त्यानंतरचा काळ खऱ्या कमाईचा असतो. म्हणजे रोप लावणारा माणूस या जमिनीवर आणखी पाव शतक शेतीच होणार, असे गृहीत धरून पैसे आणि श्रम मातीत घालत असतो. शहर अजून काही किलोमीटर दूर असतानाच हे गृहीतक डळमळू लागते. मग जुनी विहीर साफ करणे, ठिबकच्या नळ्या बदलणे, रोगट फांद्या वेळेवर काढणे ही कामे पुढच्या वर्षावर जातात. रस्त्यावरून जाणाऱ्याला बाग हिरवीच दिसते, पण तिच्यात कुणी काही नवे घालत नसते.

अर्थशास्त्रात याची मांडणी फार पूर्वी झाली आहे. योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ मध्ये असे दाखवले की, बाजाराच्या शहराला लागून दूध, भाजी आणि फळे यांसारखी नाशिवंत व अधिक कष्टाची उत्पादने घेतली जातात आणि अंतर वाढेल तशी शेती विरळ होत जाते. रॉबर्ट सिंक्लेअर या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९६७ मध्ये हेच चित्र पसरणाऱ्या शहराला लावून पाहिले, तेव्हा ते नेमके उलटे निघाले. शहराच्या अगदी कडेला पडीक किंवा जेमतेम कसलेली जमीन, त्यापलीकडे वर्षापुरत्या भाडेपट्ट्यावरची हंगामी पिके आणि खरी भांडवली शेती त्याहूनही दूर, असा क्रम त्याला दिसला. वाहतुकीच्या खर्चापेक्षा विक्रीची अपेक्षा जास्त बलवान ठरते, हे त्याचे निरीक्षण शहरालगतच्या कोणत्याही पट्ट्यात आजही पडताळून पाहता येते.

शहरे नेमकी चांगल्याच जमिनीवर का पसरतात, याचे उत्तर त्यांच्या जन्मात आहे. वस्ती मुळात पाणी, गाळाची माती आणि सपाटी पाहून बसलेली असते. त्यातही फळबागेची जमीन बांधकामाला विशेष सोयीची, कारण फळझाडाला लागणारा उत्तम निचरा आणि थंड हवा खाली वाहून जाऊ देणारा हलका उतार इमारतीच्या पायाला आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेलाही हवाच असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने असा अंदाज मांडला की, २०३० पर्यंत शहरांच्या विस्तारात जगातील लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे १.८ ते २.४ टक्के जमीन जाईल. आकडा लहान वाटतो, परंतु ही जमीन जागतिक सरासरीच्या सुमारे १.७७ पट उत्पादक आहे आणि तिचा सुमारे ८० टक्के भाग आशिया व आफ्रिकेत आहे. फळांच्या बाबतीत ही सरासरीही दिशाभूल करते, कारण गहू दुसरीकडे हलवता येतो. विशिष्ट उतार, विशिष्ट तळ्याची ऊब किंवा डोंगराचा आडोसा हलवता येत नाही.

या सगळ्या प्रक्रियेचे सर्वांत पूर्ण उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील सांता क्लारा खोरे. आज ते सिलिकॉन व्हॅली म्हणून ओळखले जाते, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे सुमारे एक लाख एकरांवर प्रून (सुकवून खाण्याचे आलुबुखार), जर्दाळू, चेरी आणि अक्रोडाच्या बागा होत्या आणि फळे सुकवण्याचा व डबाबंद करण्याचा तो जगातील एक फार मोठा उद्योग होता. प्रूनची फ्रेंच कलमे तिथे १८५६ मध्ये आली. म्हणजे ही बाग उभी राहायला तीन पिढ्या लागल्या आणि मोडायला एक पुरली. १९५० ते १९६९ या काळात याच खोऱ्यातील सॅन होजे शहराचा कारभार पाहणारे व्यवस्थापक डच हॅमन यांनी सुमारे १,४०० तुकडे शहरात सामील करून घेतले. शहराचे क्षेत्र सुमारे १७ चौरस मैलांवरून १३० चौरस मैलांच्या पुढे गेले आणि लोकसंख्या ९५ हजारांवरून साडेचार लाखांच्या आसपास पोहोचली. पद्धत अशी होती की, रस्त्याच्या कडेची अरुंद पट्टी आधी शहरात घ्यायची आणि तिच्या टोकाला एखादी वसाहत मंजूर करायची. मधल्या बागा कागदोपत्री शहराबाहेर राहत, पण दोन्ही बाजूंनी वेढल्या जात. सलग बाग संपूर्ण बुडवण्यापेक्षा तिला भोके पाडणे अधिक घातक ठरते, हे मला तिथल्या जुन्या नकाशांवरून जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही अहवालातून दिसले नाही.

तिथल्या काउंटीने (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाने) प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९५०च्या दशकातच तिने निव्वळ शेतीसाठी राखीव क्षेत्रे आखली आणि अशी जमीन मालकाच्या संमतीशिवाय शहरात ओढता येणार नाही, अशी कायदेशीर तरतूदही राज्याने केली. तथापि संमती देणे मालकाच्याच हाती राहिले, आणि शेजाऱ्याने दिली की आपणही द्यावी हा हिशेब प्रत्येकाला कळत होता. एक कटू गोष्टही नोंदवली पाहिजे: त्या खोऱ्यातील भूजल आधी बागांनीच उपसले होते. बागा आणि नंतर शहर यांच्या मिळून झालेल्या उपशामुळे सॅन होजेच्या मध्यवर्ती भागातील जमीन सुमारे चार मीटर खचली. त्यामुळे शहराने एका निर्मळ बागेचा घास घेतला, अशी गोष्ट सांगणे सोयीचे असले तरी पूर्ण खरे नाही.

दोष दर वेळी शहराचाच असतो असेही नाही. पॅरिसजवळच्या मोंत्रईमध्ये सतराव्या शतकापासून गिलावा केलेल्या उंच भिंतींच्या आधाराने पीच पिकवले जात. दिवसा तापलेली भिंत रात्री झाडाला ऊब देई, आणि भरभराटीच्या काळात या भिंतींची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर होती. या बागांना पहिला धक्का घरांनी दिला नाही, रेल्वेने दिला. दक्षिणेतला स्वस्त आणि आगाप पीच पॅरिसच्या बाजारात पोहोचला आणि भिंतींवरचा खर्च परवडेनासा झाला. घरे आली ती अगोदरच दुबळ्या झालेल्या जागेवर. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतही १९४०च्या दशकात संत्र्याची झाडे विषाणूजन्य रोगाने वेगाने वाळत होती, आणि नव्याने लागवड करून वाट पाहण्यापेक्षा विकणे बरे असे अनेकांनी ठरवले. ॲनाहाइममधील संत्री आणि अक्रोडाच्या १६० एकरांवर १९५५ मध्ये डिस्नेलँड उभे राहिले ते याच काळात. म्हणून बाग का चालली, याचा शोध आधी बागेच्या आत घ्यावा आणि मग बाहेर.

बागायतदाराच्या रोजच्या अनुभवात शहर कसे येते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. सर्वांत आधी माणसे आणि सेवा विरळ होतात. छाटणीची सराईत टोळी, फवारणी यंत्राचा कारागीर, क्रेट भाड्याने देणारा, पॅकहाऊस, शीतगृह, प्रक्रिया कारखाना या सगळ्यांना टिकण्यासाठी आसपास काही किमान क्षेत्र लागते. ते क्षेत्र कमी झाले की त्यांतला एकेक जण उठून जातो, आणि उरलेल्या बागा जमीन सुरक्षित असूनही अडचणीत येतात. कॅनडातील नायगारा पट्ट्यात हेच घडले. ओंटारियो सरोवराच्या उबेमुळे तिथे पीच आणि नाशपाती पिकतात. जमिनीला २००५ पासून हरितपट्ट्याचे, म्हणजे बांधकामापासून राखलेल्या पट्ट्याचे, संरक्षण मिळाले. तरीही २००८ मध्ये तिथला डबाबंदीचा शेवटचा कारखाना बंद झाला आणि केवळ डबाबंदीसाठी लावलेल्या पीचच्या बागा मालकांना उपटाव्या लागल्या. नकाशावर जमीन वाचली. ती फळे विकत घेणारे दार मात्र बंद झाले.

त्यानंतर झाडांवरचे परिणाम दिसू लागतात. आजूबाजूची जमीन सिमेंट-डांबराखाली गेली की पावसाचे पाणी मुरण्याऐवजी एकवट वाहत येते आणि सखल ओळींत साचते. बहुतेक फळझाडांची मुळे वाढीच्या दिवसांत काही दिवसही हवेविना तग धरत नाहीत. त्याच वेळी भूजलाचे पुनर्भरण घटते, त्यामुळे पावसाळ्यात पाणी जास्त आणि उन्हाळ्यात कमी असा दुहेरी मार बसतो. शहराची साठलेली उष्णता रात्री अधिक जाणवते. चेरी, सफरचंद, जर्दाळू यांसारख्या झाडांना हिवाळ्यात सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खालचे शेकडो तास लागतात. ते पुरेसे मिळाले नाहीत तर डोळे एकसारखे फुटत नाहीत, फुलोरा लांबतो आणि फळधारणा विस्कळीत होते. वाहनांच्या धुरापासून उन्हात तयार होणारा ओझोन पानांचे आयुष्य कमी करतो. लॉस एंजेलिसच्या परिसरात १९४०च्या दशकातच भाज्यांच्या पानांवर हे डाग ओळखले गेले होते आणि पुढे लिंबूवर्गीय झाडांवर झालेल्या प्रयोगांत गाळलेल्या हवेतील झाडांनी स्पष्टपणे अधिक फळ दिले. याखेरीज कडेच्या ओळींवर पडणारी इमारतींची सावली, चोरी, मोकाट कुत्री, बांधापलीकडून येणारा कचरा हे सर्व आहेच. फवारणीबद्दलच्या तक्रारी मी या यादीत टाकत नाही, कारण त्या बहुधा रास्त असतात. पहाटे साडेचारला कुणाच्या खिडकीखाली यंत्र सुरू करणे कायद्याने चालत असले तरी शहाणपणाचे नाही.

आता उपायांकडे येतो. करसवलत हा सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते एकट्याने सर्वांत दुबळा उपाय आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १९५६ मध्ये शेतजमिनीवर बाजारभावाऐवजी शेती-उत्पन्नाच्या आधारे कर लावण्यास सुरुवात केली आणि कॅलिफोर्नियाने १९६५च्या विल्यमसन कायद्याने त्याला दहा वर्षांच्या, दरवर्षी आपोआप पुढे सरकणाऱ्या कराराची जोड दिली. कराराची ही अट महत्त्वाची आहे. ती नसेल, तर जमीन धरून बसलेल्या सट्टेबाजालाही तीच सवलत मिळते आणि त्याची वाट पाहण्याची ताकद वाढते. शिवाय शहराच्या अगदी कडेचे मालक असा करार सहसा करतच नाहीत. तो दूरच्या, तशीही न विकल्या जाणाऱ्या जमिनींवर जास्त होतो.

हद्द आखण्याचा उपाय अधिक परिणामकारक ठरला आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९७३ मध्ये सुमारे ४७ लाख हेक्टर जमीन, म्हणजे प्रांताच्या सुमारे ५ टक्के, शेतीसाठी राखून ठेवली. ओकानागन खोऱ्यातील फळबागा आज दिसतात त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने प्रत्येक शहराला वाढीची सीमारेषा आखणे बंधनकारक केले आणि आत वीस वर्षे पुरेल एवढी जमीन ठेवण्याची अट घातली. बाहेरच्या बागायतदाराला यातून अपेक्षेचे एक स्पष्ट उत्तर मिळते आणि तो रोप लावू शकतो. मात्र रेषा हलू शकते असा संशय आला की तिचा हा गुण संपतो. नायगारा पट्टा ज्यात येतो त्या ओंटारियो प्रांताच्या सरकारने २०२२ मध्ये हरितपट्ट्यातून सुमारे ७,४०० एकर जमीन वगळली. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, ही निवड काही मोजक्या विकासकांना झुकते माप देणारी होती आणि त्यामुळे त्या जमिनींचे मूल्य ८ अब्ज डॉलरहून अधिक वाढणार होते. त्याच वर्षी सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. निर्णय मागे घेतला गेला हे चांगलेच झाले, परंतु रेषेच्या आतील प्रत्येक मालकाला आता ठाऊक आहे की एकदा ती हलली होती. याचे टोक पाहायचे असेल तर सिसिलीतील पालेर्मोकडे पाहावे. १९५० आणि १९६०च्या दशकांत राजकारणी, ठेकेदार आणि माफिया यांच्या संगनमताने तिथे लिंबू-संत्र्यांनी भरलेल्या कोंका दोरो खोऱ्यावर इमारती उठल्या. बांधकाम परवाने मूठभर नामधारी माणसांच्या नावे निघत होते. ज्यांच्या सहीने नियम बदलतात त्यांच्यावर अंकुश नसेल, तर नियमाचा मसुदा कितीही चांगला असून उपयोग नाही.

न्यायाच्या दृष्टीने मला मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीची रचना सर्वांत समतोल वाटते. तिने १९८० मध्ये सुमारे ९३ हजार एकर शेतीसाठी राखले आणि २५ एकरांमागे एकच घर अशी मर्यादा घातली; पण त्या बदल्यात मालकाला दर ५ एकरांमागे एक बांधकाम हक्क दिला, जो शहरात अधिक दाट बांधकाम करू पाहणाऱ्याला विकता येतो. जमीन मालकाचीच राहते, तिचे शहरी मूल्य काही अंशी हाती येते आणि बाग बागच राहते. शेतकऱ्याने सगळ्या समाजासाठी हिरवळ राखावी आणि तिची किंमत एकट्याने मोजावी, हा आग्रह अन्यायाचा आहे. हे मान्य न करणारी कोणतीही योजना पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते.

झाडाच्या आयुष्याशी मुदत जुळवण्याचे काम मात्र जपानने केले. तिथे १९९१च्या दुरुस्तीनुसार शहरी क्षेत्रातील शेतमालकाने ३० वर्षे शेती करण्याचे बंधन स्वीकारले, तर त्याच्यावर निवासी जमिनीऐवजी शेतजमिनीचा कर बसतो. तोक्योच्या पश्चिम उपनगरांत नाशपाती आणि ब्लूबेरीच्या बागा आजही घरांच्या मध्ये उभ्या आहेत, त्यामागे हे एक कारण आहे. १९९२ मध्ये नोंदलेल्या बहुतांश जमिनींची मुदत २०२२ मध्ये एकदमच संपणार होती, म्हणून २०१७ मध्ये दहा-दहा वर्षांची मुदतवाढ घेण्याची सोय करण्यात आली. दहा वर्षे ही भाजीपाल्याला भरपूर आणि नव्या नाशपातीला तोकडी, असे माझे मत आहे.

तुमच्या बागेपुरते बोलायचे, तर आधी किती वर्षे हातात आहेत याचा अंदाज बांधावा. त्यासाठी जमिनीच्या भावाच्या चर्चा ऐकण्यापेक्षा मलनिस्सारणाची मुख्य वाहिनी आणि पाण्याची मोठी जलवाहिनी कुठपर्यंत मंजूर आहे ते संबंधित कार्यालयात पाहावे. रस्ते जाहीर होऊन पडून राहू शकतात. सांडपाण्याची वाहिनी पडली की दाट बांधकामाला वेळ लागत नाही. दुसरी खूण म्हणजे आसपासच्या बागांत किती जण अजून नवी रोपे लावत आहेत. तिसरी खूण घरातली आहे: पुढच्या पिढीत बाग पाहणारे कुणी आहे का, आणि वाटणीनंतर जमीन किती तुकड्यांत जाईल. पुष्कळ बागा शहरामुळे गेल्या असे सांगितले जाते, पण कागद पाहिले तर त्या वारसांच्या वाटणीत गेलेल्या असतात.

पंचवीस वर्षांची बऱ्यापैकी खात्री असेल तर नेहमीसारखी लागवड करावी आणि ती एकदम न करता दरवर्षी काही ओळी उपटून करावी, म्हणजे उत्पन्न खंडित होत नाही. अंदाज बारा-पंधरा वर्षांचा असेल तर लवकर फळावर येणारे प्रकार निवडावेत. सफरचंदात एम-९सारख्या ठेंगण्या खुंटावरची झाडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ देऊ लागतात, त्यांना आधाराच्या तारा आणि नियमित पाणी लागते, पण भांडवल लवकर मोकळे होते. पीचचे आयुष्य मुळातच बारा-पंधरा वर्षांचे असते, त्यामुळे तेही या हिशेबात बसते. सात-आठ वर्षांहून कमी काळ दिसत असेल, तर नवी झाडे लावू नयेत. जुन्यांची छाटणी व पोषण नीट ठेवावे, मोकळ्या जागेत बेरीवर्गीय किंवा हंगामी पिके घ्यावीत आणि शहर जवळ आल्याचा एकमेव फायदा, म्हणजे ग्राहकाला थेट विक्री, पूर्णपणे घ्यावा. कडेच्या ओळींच्या जागी दाट पानांची उंच झुडपे लावल्यास फवारणीचे तुषार, धूळ आणि तक्रारी या तिन्ही गोष्टी कमी होतात. थोडे पैसे लागले म्हणून रस्त्यालगतचा तुकडा विकण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मागची बाग त्यानंतर वाटेच्या हक्कासाठी कायमची दुसऱ्यावर अवलंबून राहते.

दोन गोष्टी कागदाच्या आणि मातीच्या राहिल्या. विकासक अनेकदा विसार देऊन जमीन काही वर्षांसाठी बांधून घेतात आणि त्या काळात परवानगी मिळाली तरच खरेदी करतात. अशा करारात लागवड, छाटणी आणि विहिरीची दुरुस्ती करण्याचा तुमचा हक्क शाबूत आहे की नाही, हे वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय सही करू नये; एरवी खरेदी होत नाही आणि बागही राखता येत नाही. मातीबद्दल असे की, काही देशांत डीडीटी हे कीटकनाशक येण्यापूर्वी, म्हणजे साधारण १९४०च्या दशकापर्यंत, सफरचंदावरील फळ पोखरणाऱ्या अळीसाठी शिसे आणि अर्सेनिकयुक्त औषध सर्रास फवारले जाई, आणि ते मातीच्या वरच्या थरात आजही आढळते. तुमची बाग तितकी जुनी असेल, तर घरांसाठी विकण्याआधी किंवा मोकळ्या जागेत भाजीपाला घेण्याआधी मातीच्या नमुन्यांत या दोन विषारी घटकांची तपासणी करून घ्यावी, आणि नमुने वरच्या वीत-दीड वीत थरातून, जुन्या झाडांच्या बुंध्यांजवळून तसेच ओळींच्या मधून वेगवेगळे घ्यावेत.